फूल, दोन पानां आणि स्कॉटलंडचा दगड : एका ध्वनिसंग्रहाचे परीक्षण

गोव्यात झालेल्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोनच खुणा होत्या. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानां म्हणजे वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित). प्रचाराच्या गाण्यांतली फुले-पाने कशाची, हे तेव्हा शाळकरी पोरालाही कळत होते. आज तसले गाणे काणकोणच्या कॉलेजातल्या मुलीला ऐकवा. तिला ते बागेचे वाटले तर चूक तिची नाही, गाणे जपणाऱ्याची. आवाज शाबूत राहिला, खूण हरवली.

स्कॉटलंडच्या गाण्यांत असाच एक दगड आहे. १९५० च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीतून स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाची शिळा पळवली. एप्रिल १९५१ मध्ये ती आर्ब्रोथच्या पडक्या मठात सापडली. सरकारची फजिती झाली आणि तिच्यावर टिंगलीची गाणी धडाधड रचली गेली. त्यांत शिळेचे पूर्ण नाव क्वचितच येते. नुसते ‘स्टेन’, म्हणजे दगड. कुठला दगड हे ठाऊक असेल त्यालाच हसू येते.

म्हणून ‘तोबार अन दुअल्खिश’ हा स्कॉटलंडचा ऑनलाइन ध्वनिसंग्रह तपासताना कसोटी एकच ठेवली आहे: गाण्याबरोबर त्याची खूणही इथे सापडते का? गोव्यात जनमत कौलाची, मुक्तिलढ्याची, भाषा आंदोलनाची गाणी गोळा करणाऱ्यांना उपयोग आहे तो याच बाजूने.

नाव गेलिक आहे, अर्थ ‘वारशाची विहीर’. स्कॉट्स भाषेतले दुसरे नाव ‘किस्ट ओ रिचेस’, म्हणजे धनाचा पेटारा. २०१० मध्ये खुला झालेल्या या संग्रहात तीन ठिकाणचा माल एकत्र आला आहे: एडिनबरा विद्यापीठाचे स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी स्कॉटलंड, आणि जॉन लॉर्न कॅम्पबेल यांचा कॅना बेटावरचा संग्रह. पन्नास हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणे आहेत, सगळी गाणी नव्हेत. गोष्टी, म्हणी, शेतीच्या आठवणी, भुतेखेतेही आहेत. ऐकायला पैसे पडत नाहीत.

कणा आहे तो एडिनबराच्या संस्थेचा. ती १९५१ मध्ये उभी राहिली आणि कॅलम मक्लीन हे तिचे पहिले संग्राहक. त्याच वर्षी अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स मॅग्नेकॉर्ड टेपयंत्र घेऊन स्कॉटलंडभर फिरले. वाट दाखवायला हॅमिश हेंडरसन होते. हेंडरसन स्वतः राजकीय गाणी लिहिणारे, डाव्या विचारांचे. लोमॅक्सनी आपल्या टेपांच्या प्रती संस्थेला दिल्या. भटक्या समाजातल्या माणसांकडे बसून, चहा पीत, गाणे आणि गाण्यामागची हकीकत एकाच टेपवर घ्यायची, ही हेंडरसन यांची रीत. ती इथे कानांना कळते. गाणे संपल्यावर टेप लगेच बंद होत नाही. कुणाकडून शिकलात, ही माणसे कोण, असे प्रश्न येतात आणि खूण नेमकी त्या उत्तरांत सापडते. आपल्याकडे मोबाइलवर गाणे संपले की बोट आधी थांबवायच्या बटणावर जाते. ते पाच मिनिटे आवरले तरी निम्मे काम होईल.

आता प्रत्यक्ष वापर. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘पोलिटिकल’ असे लिहून फारसे हाती लागत नाही. सारांश लिहिणाऱ्याने तो शब्द वापरला असेल तरच गाणे वर येणार. त्याऐवजी घटना, जागा किंवा माणूस टाका: कलोडन (१७४६ ची लढाई), जॅकोबाइट (हाकललेल्या स्ट्युअर्ट राजघराण्याचे पाठीराखे), क्रॉफ्टर (स्कॉटलंडमधले कूळ), ब्रेझ (कुळांच्या झटापटीचे गाव), एखाद्या उमेदवाराचे आडनाव. मग भाषा आणि प्रकार निवडून यादी आवळा. स्कॉट्स शब्दांचे स्पेलिंग एकच नसते, तेव्हा एका रूपाने काही आले नाही तर दुसरे टाकून पाहा. गेलिक नावांचे तसेच. इंग्रजी रूप आणि गेलिक रूप दोन्ही वापरावी लागतात. ‘शणै गोंयबाब’ आणि ‘शेणॉय गोंयबाब’ या एकाच कोकणी लेखकाच्या दोन रूपांत अडकलेल्या कुणालाही हे नवीन नाही.

पानावरची नोंद हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. गाणारा, ध्वनिमुद्रण करणारा, तारीख, भाषा, मूळ टेपचा क्रमांक, आवाजाचा दर्जा, थोडक्यात सारांश. पारंपरिक गाणे असेल तर राउड, चाइल्ड किंवा ग्रेग-डंकन या सूचींतला क्रमांकही, म्हणजे त्याच गाण्याचे दुसऱ्या गावातले रूप शोधता येते. पण खरी अक्कल दिसते ती ठिकाणाच्या दोन रकान्यांत: ध्वनिमुद्रण झाले ते ठिकाण वेगळे, मजकुराचा संबंध ज्या ठिकाणाशी ते वेगळे. गोव्याला हे जसेच्या तसे उचलण्याजोगे आहे. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत (गोवेकरांच्या सामूहिक बिऱ्हाडात) गायलेले सासष्टीचे गाणे एकच रकाना असला की कायमचे मुंबईचे होऊन बसते.

मूळ टेपचा क्रमांक साधारण ‘एसए १९५२.३३.ए५’ अशा घाटाचा असतो: ध्वनिसंग्रह, वर्ष, टेप, बाजू, बाजूवरची कितवी नोंद. साधा आणि टिकाऊ घाट. फक्त त्यातले वर्ष टेपचे आहे, गाण्याचे नव्हे. राजकीय गाण्यात इथेच घोटाळा होतो. कलोडनची लढाई १६ एप्रिल १७४६ ची. तिथे हरलेल्या राजपुत्र चार्लीवरची लोकप्रिय गाणी लिहिणाऱ्या लेडी नेर्न जन्मल्या १७६६ मध्ये. ते गाणे टेपवर आले १९५० नंतर. म्हणजे घटनेची तारीख, रचनेची तारीख आणि ध्वनिमुद्रणाची तारीख अशा तीन तारखा झाल्या. हा संग्रह तिसरी ठळक देतो. पहिल्या दोन सारांशात असतील तर असतील. बेसावध श्रोता लेडी नेर्न यांचे हळवे गाणे लढाईच्या रात्रीचे समजून बसतो.

आपल्या नोंदवहीत तीनही रकाने सुरुवातीपासून हवेत. मडगावात २१ सप्टेंबर १८९० रोजी झालेल्या गोळीबारावरचा मांडो (गोव्यातला कोकणी गीतप्रकार) घ्या. घटनेची तारीख त्याच्या शब्दांतच आहे, पण कोणी कधी रचला आणि हातातली चकती कधीची, हे वेगळे लिहावेच लागते. १९६७ च्या गाण्यांसाठी त्या महिन्यातले ‘गोमंतक’ आणि ‘राष्ट्रमत’ चाळले तर सभा, घोषणा, पुढाऱ्यांची टोपणनावे यांचा पत्ता लागतो. ‘तो आमचा तो’ असे गाण्यात असेल, तर तो कोण हे आज सांगणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

दुसरी उणीव चालीची. आपल्या छापील पत्रकावर पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असे असायचे, स्कॉटलंडच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या जुन्या गाण्यांच्या कागदांवरही तसेच. राजकीय गाण्यात चाल ही सजावट नसते. १९६१ मध्ये होली लॉक या खाडीत अमेरिकेची पोलारिस पाणबुड्यांची नौका आली, तेव्हा ग्लासगोच्या मंडळींनी निषेधाची गाणी पोराटोरांच्या बसगाण्यांच्या चालींवर बांधली. कारण सरळ: मोर्च्यात शब्द शिकवायला वेळ नसतो आणि चाल शिकवायला तर मुळीच नसतो. शिवाय ओळखीच्या चालीवर नवे शब्द आले की मूळ शब्दांशी त्यांची टक्कर होते, अर्धा विनोद तिथेच. चालीला स्वतंत्र रकाना नसल्याने अमुक चालीवरची सगळी राजकीय गाणी एका फटक्यात काढता येत नाहीत. कानाने ओळखून वहीत लिहीत जा.

रचनाकाराचेही तसेच. होली लॉकची गाणी मॉरिस ब्लायथमन आणि सोबत्यांनी एकत्र बसून, मोर्च्यात बदलत बदलत बनवली. एका नावाच्या रकान्यात हे मावत नाही. ‘मूळ शब्द’, ‘नंतरची भर’, ‘कोणत्या सभेत बदलले’ अशी फोड करणे बरे.

याच गाण्यांसाठी इथे आलात तर थोडी निराशा होईल. गावोगाव टेप घेऊन फिरण्याचा ओढा जुन्या गाण्यांकडे होता. नव्या रचना करणाऱ्यांनी त्या पुस्तिका आणि एलपींवर आणल्या. त्यामुळे जॅकोबाइट गाणी आणि १८८० च्या दशकातल्या जमीन आंदोलनाची गेलिक गाणी ही या संग्रहाची जमेची बाजू. स्काय बेटावर ब्रेझ इथे १८८२ मध्ये कुळे आणि पोलीस यांची झटापट झाली, १८८६ मध्ये कुळांचा कायदा आला. त्या काळात ‘मारी व्होर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेरी मॅकफर्सनची गाणी बेटावर तोंडी होती. कूळ-मुंडकाराच्या (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) प्रश्नावरची गाणी शोधणाऱ्याने इथे नक्की थांबावे. विसाव्या शतकातल्या मोर्च्यांसाठी मात्र ग्लासगोचा जेनी बकन यांच्या नावाचा राजकीय गाण्यांचा संग्रह गाठावा लागतो. १९५१ च्या एडिनबरामधल्या लोकोत्सवाच्या मैफिलीसाठी लोमॅक्स यांचा स्वतंत्र डिजिटल संग्रह सोयीचा, तोही फुकट. छापील रस्तागाण्यांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १६५० ते १९१० मधले सुमारे अठराशे कागद ऑनलाइन ठेवले आहेत.

शब्द न कळणे ही मोठी अडचण. लिखित संहिता थोड्याच नोंदींना आहे. स्कॉट्स कळत नसेल तर स्कॉट्स भाषेचे मोफत ऑनलाइन शब्दकोश शेजारी उघडे ठेवा, सारांश आधी वाचा, मग ऐका. उलट क्रमाने केले तर पहिल्या कडव्यातच दमछाक होते. गेलिकसाठी सारांशावरच भिस्त.

ध्वनिफीत उतरवून घ्यायची सोय नाही, फक्त ऐकता येते. यावर कुरकुर होते, ती रास्त वाटत नाही. गाणाऱ्यांच्या किंवा वारसांच्या हक्कांचा प्रश्न आहे, आणि राजकीय गाण्यात शिव्याशाप नाव घेऊन असतात. आपल्याकडे तर ‘जुने आहे, टाका यूट्यूबवर’ ही रीत. भारतीय कायद्यात शब्द आणि संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. कवी २००६ मध्ये गेला असेल तर १९६७ चे त्याचे गाणे २०६६ अखेरपर्यंत मोकळे नाही. ध्वनिमुद्रण करतानाच परवानगीचा कागद करा, आणि त्यात ‘ऐकवणे’ व ‘उतरवू देणे’ या दोन परवानग्या वेगळ्या ठेवा.

आवाजाचा दर्जा नोंदीत प्रामाणिकपणे लिहिलेला असतो आणि खरखर घासून काढलेली नसते. हे उत्तम. गोव्यातल्या कॅसेटी उतरवताना याचाच धडा घ्यावा: मूळ प्रतीवर आवाज-सफाईचे सॉफ्टवेअर चालवू नये, ते प्रतीच्या प्रतीवर. चार पावसाळे कपाटात काढलेल्या कॅसेटच्या फितीवर कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बहुधा बुरशी आहे. तशीच लावली तर यंत्राच्या हेडवर आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते. आधी सिलिका जेल घालून बंद डब्यात सुकवा, मग साफ करा, आणि वाजवण्यापूर्वी फीत एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण गुंडाळा. आतल्या पितळी पट्टीवरचा नमद्याचा तुकडा गळलेला असतो. तो नसला की आवाज दबका येतो आणि लोक फितीला दोष देतात. सांगाडा स्क्रूचा असेल तर तुकडा बदलता येतो, चिकटवलेला असेल तर फीतच दुसऱ्या सांगाड्यात घालावी लागते. हेडचा कोन प्रत्येक कॅसेटला नव्याने जुळवा, टाळ-घुमटांचा वरचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबा. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर ९० मिनिटांच्या कॅसेटची स्टिरिओ फाइल सुमारे ३.१ जीबी होते. ४८ वर त्याच्या निम्मी. डिस्क कमी असेल तर ४८ चालेल, एमपी३ मूळ प्रत म्हणून चालणार नाही.

एक खटकणारी गोष्ट उरते आणि तिचा दोष संकेतस्थळाकडे जात नाही. स्कॉटलंडमधले राजकीय गाण्यांचे संग्राहक बहुतेक स्वतः चळवळीतले होते, त्यामुळे गाणी एका बाजूची जास्त आली. गोव्यात १९६७ ला १,७२,१९१ मते पानांना पडली आणि १,३८,१७० फुलाला. कोकणीतली पानांची गाणी अजून स्टेजवर ऐकू येतात. मराठीतली फुलाची गाणी पेडणे, डिचोली, फोंड्यातल्या जुन्या भजनी मंडळांच्या वह्यांत आहेत का, हे वह्या उघडल्याशिवाय कळणार नाही, आणि कसर त्या आधीच उघडून बसली आहे.

गुण द्यायचेच तर नोंदींच्या शिस्तीला पाचपैकी साडेचार, राजकीय गाणे शोधण्याच्या सोयीला अडीच. वापरताना पानाचा दुवा तेवढा जपून ठेवून भागत नाही, दुवे बदलतात. मूळ टेपचा क्रमांक, गाणाऱ्याचे नाव आणि तारीख हाताने उतरवून घ्या.