अमेरिकेला पाठवायला ट्रॉलरचं सुंगट (कोळंबी) की तळ्यातलं?

कासवांच्या सुटकेची सोय नसलेल्या ट्रॉलरचं सुंगट अमेरिका घेत नाही. १९८९ च्या कायद्याचं कलम ६०९. गोव्यातल्या मालिम-कुटबण धक्क्यांवरच्या मालाला अडसर हाच. उपाय म्हणजे जाळ्याच्या शेपटीआधी (जिथे मासळी साठते) बसवायची तिरकी गजांची चौकट आणि तिच्याजवळ कासवाला बाहेर पडायला झडप: गजांत जास्तीत जास्त १० सेंटिमीटर अंतर, कल साधारण ४५ अंश. कल जास्त उभा झाला की कचरा अडकतो, कासवही बाहेर सरकत नाही. फार आडवा ठेवला तर सुंगटं झडपेतून निसटतात. झडपच बांधून टाकली, तर चौकट नुसती शोभेची.

तळ्यातलं सुंगट या अटीतून सुटतं. डीएस-२०३१ या अमेरिकेच्या सुंगट-आयातीच्या फॉर्मवर तशी नोंद लागते. तिथली भीती वेगळी: नायट्रोफ्युरान या बंदी असलेल्या प्रतिजैविकाचा अंश सापडला की माल नाकारलाच. तरीही अमेरिकेसाठी तळंच बरं. ट्रॉलरच्या सुंगटांना मडगावचा बाजार आहेच.