सिनेमा घरी, खाणं हाताशी: पावसाळ्यापासून द्राक्षांपर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी एक पद्धत सुरू झाली. शनिवारी रात्री टीव्हीवर एक सिनेमा आणि त्याच्या जोडीला ठरवून केलेलं एक खाणं. सांगलीत विश्रामबागेत राहतो. घरात मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई. आता बाजारातली द्राक्षं संपत आलीत, म्हणजे पाऊस, थंडी आणि उन्हाची सुरुवात असं सगळं बघून झालं. ज्यांना घरी असं काही सुरू करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. खाणं सिनेमाच्या गोष्टीवरून ठरवू नका, तो कसा बघावा लागतो त्यावरून ठरवा. नजर मध्येच ताटाकडे वळवली तर चालणार आहे का? कान किती लावावे लागतील? लांबी किती, मध्यंतर आहे का? एवढं बघितलं की काय करायचं ते आपोआप सुचतं.

सुरुवातीला आम्ही गोष्टीवरूनच जुळवत होतो, कारण तेच पहिल्यांदा डोक्यात येतं. ‘स्वदेस’ (२००४) लावला तेव्हा साताऱ्याचे कंदी पेढे आणले. त्यातलं चरणपूर कथेत उत्तर प्रदेशातलं असलं तरी चित्रीकरण आपल्या वाईजवळच्या मेणवलीत झालंय. नाना फडणवीसांच्या वाड्याखालचा तो घाट पडद्यावर दिसला की आपल्याकडच्या माणसाला भरून येतं. पेढेही उत्तम होते, खवा चांगला भाजलेला, गोड बेताचं. पण पेढा किती खाणार? दोन खाल्ले की हात थांबतो, आणि सिनेमा तीन तासांहून मोठा. पहिली वीस मिनिटं खाणं आणि उरलेला वेळ नुसतं बसणं. गोष्टीशी नातं होतं, बघण्याशी नव्हतं.

याच्या उलट भडंग. सांगलीकर भडंगाचं कौतुक करणारच, असं कुणी म्हणेल. पण भडंगाइतकं सिनेमाच्या लायकीचं खाणं मला दुसरं सापडलेलं नाही. न बघता मूठ भरता येते. ताट लागत नाही, चमचा लागत नाही. गरम असायची गरज नाही, त्यामुळे पहिल्या प्रसंगाला जशी चव तशीच शेवटच्याला. घास सारखा नसतो, कधी दाणा येतो, कधी लसणाची कुरकुरीत पाकळी, कधी कढीपत्ता, म्हणून तास-दोन तास खाऊनही कंटाळा येत नाही.

विकतचं भडंग इथे गल्लोगल्ली चांगलं मिळतं, तरी सिनेमासाठी मी घरीच करते, कारण तेल आणि मीठ आपल्या हातात राहतं. पाव किलो भडंगाचे जाड चुरमुरे घेते. आधी कढईत कोरडेच मंद आचेवर परतते. दोन बोटांत चुरमुरा दाबला की त्याची पूड व्हायला हवी. नुसता चपटा झाला तर अजून दम आहे. पावसाळ्यात ही पायरी अजिबात सोडू नये, हवेतली ओल चुरमुरे लगेच धरतात. मग अर्धी वाटी तेलात वाटीभर शेंगदाणे तळून बाजूला काढायचे. त्याच तेलात वीसेक लसूण पाकळ्या सालीसकट ठेचून टाकायच्या आणि कडेनं तांबूस व्हायला लागल्या की कढीपत्ता. कढीपत्त्याचा तडतडाट थांबला की गॅस बंद. इथे दोन मिनिटं थांबायचं, हे फार महत्त्वाचं. तेल कडकडीत असताना तिखट पडलं तर ते करपतं, आणि करपलेल्या तिखटाचा कडवटपणा अख्ख्या डब्याला लागतो. तेल जरा निवलं की हळद, तिखट, मीठ, मग चुरमुरे आणि दाणे. वरून दोन चमचे पिठीसाखर. हातानं खालीवर करायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्याला झाकण. गरम असताना झाकण लावलं की आत वाफ धरते आणि सगळी मेहनत मऊ पडते. हळद इथली असल्यामुळे रंग सुरेख येतो. एवढं भडंग चौघांना दोन सिनेमांना पुरतं.

भडंगाची खरी जोडी माहितीतल्या, गलक्याच्या सिनेमांशी. आमच्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) लागला की पडद्यावरच्यांच्या आधी सासूबाई वाक्य म्हणतात आणि मुलगा पुढचं पुरं करतो. एखादं वाक्य कुरकुरण्यात बुडालं तरी बिघडत नाही, ते सगळ्यांना पाठच असतं.

पण शांत सिनेमाला भडंग घातक. ‘पुष्पक’ (१९८७) आम्ही थंडीत बघितला. कमल हासनचा, सिंगीतम श्रीनिवास रावांनी दिग्दर्शित केलेला. आख्ख्या सिनेमात संवाद नाही. संवाद नाही म्हणजे आवाज नाही असं मात्र नव्हे. रस्त्यावरचा गोंगाट, दारं, पावलं यांच्यावरच विनोद उभे आहेत. गोंगाटाची सवय झालेल्या नायकाला भारी हॉटेलातल्या शांततेत झोप लागत नाही, हा तर त्यातला मोठा गंमतीचा भाग. चार माणसं चुरमुरे चावत बसली तर हे ऐकूच येणार नाही. त्या रात्री सासूबाईंनी खरवसाच्या वड्या केल्या होत्या. गार, मऊ, तोंडात ठेवली की विरघळते. चमच्याचासुद्धा आवाज नाही. माझ्या मते या पूर्ण काळातली ही सगळ्यात नेमकी जोडी.

हे काही आमचंच निरीक्षण आहे असं नाही. अमेरिकेत मूकपटांच्या काळात गालिचे घातलेली मोठी थिएटरं पॉपकॉर्न आत येऊ देत नसत. गालिचा खराब होण्याची भीती होतीच, शिवाय पडद्यावर शब्द नसताना चावण्याचा आवाज त्रास देई. १९२७ पासून बोलपट आले, पाठोपाठ मंदीची वर्षं आली, आणि पाच-दहा सेंटांत मिळणारी पॉपकॉर्नची पुडी थिएटरमालकांना तारणारी ठरली. आवाजानं आवाज झाकला, तेव्हा कुठे पॉपकॉर्नला दार उघडलं. घरचे पॉपकॉर्न आम्हीही केले. दाण्यातली ओल तापून साधारण १८० अंशाला त्याचं टणक साल फुटतं आणि लाही होते. त्यामुळे जुना, वाळून गेलेला मका आणला तर निम्मे दाणे तळाशी तसेच राहतात. ताजा आणा, झाकण किंचित तिरपं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाते. चवीला छानच, पण अर्ध्या तासात चिवट होतात. दीड तासाच्या आतल्या सिनेमाला ठीक.

परभाषेतल्या सिनेमांचा हिशोब वेगळा. खाली पाटी वाचायची असते, नजर हलवायची सोय नाही. आमच्याकडे तर सासूबाईंना त्या इंग्रजी पाट्या झरझर वाचता येत नाहीत, म्हणून मुलगा त्यांच्या शेजारी बसून मराठीत सांगत जातो. ज्याला सांगायचंय त्याचं तोंड भरलेलं असून चालत नाही. यावर उपाय म्हणजे आपली द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव भागातली द्राक्षं दारात येतात तेव्हा घड धुऊन, मणी सुटे करून, तासभर फ्रीजमध्ये ठेवायचे. एक मणी, एक वाक्य. बी नाही, साल टाकायचं नाही, हात चिकट होत नाहीत, आवाज नाही. द्राक्षांचा हंगाम नसेल तेव्हा बेदाणे, पण थोडेच द्या, गोडाची पटकन शिसारी येते.

जपानी ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) २०७ मिनिटांचा आहे आणि मध्यंतर त्यातच घातलेलं आहे. नवऱ्याचा आग्रह होता म्हणून लावला, मला वाटलं होतं तासाभरात सगळे उठतील. कुणी उठलं नाही. गावकरी दरोडेखोरांपासून वाचण्यासाठी सामुराई आणतात, त्यांना भात घालतात आणि स्वतः हलक्या धान्यावर राहतात, हे कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्याकडचंच की. पाव्हण्याला भात, घरच्याला भाकरी.” मध्यंतरात दिवे लावून शाळूची भाकरी, खर्डा, दही आणि कच्चा कांदा असं वाढलं. माझ्या नियमाला हा एकच अपवाद. इथे गोष्टीशी जुळलेलं खाणं चाललं, कारण ते सिनेमा थांबवून खाल्लं. भाकरी मोडायला दोन हात लागतात आणि खाली बघावं लागतं. चालू सिनेमात ती जमणारच नाही. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. नाहीतर करणारीचा सिनेमा जातो आणि मग ही हौस काय कामाची?

जेवणावरच्या सिनेमांबद्दल एवढंच, आधी जेवून घ्या. ‘गुलाबजाम’ (२०१८) उपाशीपोटी बघणं हा जिवाला छळ आहे. पडद्यावर पुऱ्या फुगत असताना आपल्या हातात बिस्किट असेल तर ते घशाखाली उतरत नाही. ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मात्र आम्ही डबे भरून बघितला. चौघांना चार डबे, प्रत्येकात पोळीची गुंडाळी, सुकी बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. इरफान खान डबा उघडून आधी वास घेतो, तसा मुलानंही घेतला. डबा मांडीवर नीट बसतो, सांडत नाही, एका हातानं खाता येतं, म्हणून हे जमलं. पातळ भाजी असती तर नसतं जमलं.

‘तुंबाड’ला (२०१८) काही करू नका. विशेषतः कणकेचं तर नकोच. ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण माहीत आहे. आधी चहा घ्या आणि बसा.

मिसळ हा माझा अत्यंत आवडता पदार्थ, पण सिनेमासोबत नको, असं मी ठामपणे सांगेन. रस्सा, फरसाण, पाव, लिंबू, कांदा, पाच ठिकाणी हात जातो. अंधारात रश्श्याचा अंदाज येत नाही. शिवाय मिसळ खाताना माणूस मिसळच खातो, दुसरीकडे लक्ष जात नाही, आणि ते बरोबरच आहे. उकडलेल्या शेंगांचंही तेच, सोलताना नजर खाली जाते आणि टरफलं सोफ्याच्या फटीत. क्रिकेटची मॅच असेल तर शेंगांसारखं काही नाही, तिथे दोन चेंडूंमध्ये वेळ असतो.

भांड्यांबद्दल थोडं. एक मोठी परात मध्ये ठेवली की हात एकमेकांत अडकतात आणि लसूण कोण वेचून खातं यावरून कुरबुर होते. प्रत्येकाला खोलगट वाटी द्या. स्टीलची असेल तर खाली रुमाल ठेवा, टीपॉयच्या काचेवर ती खणखणते. शेजारी ओला नॅपकिन हवाच. रिमोट आम्ही पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवतो. तेलकट तिखट हात बटणांच्या फटीत गेला की ते निघत नाही. पाण्याचा तांब्या आणि भांडी आधीच आणून ठेवायची. भडंगाच्या तिखट-मिठानं तहान लागते आणि पाण्याला उठणारा माणूस नेमका महत्त्वाच्या प्रसंगाला उठतो. खोली पूर्ण काळोखी करू नका. मागे एक मंद दिवा असला की वाटी दिसते, पडद्यालाही त्रास होत नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. रात्री उशिरा तेलकट-तिखट खाणं वयस्कर माणसांना सोसत नाही. सासूबाईंना छातीत जळजळ व्हायला लागली तेव्हा आम्ही वेळ आठची केली आणि तिखट खाणं पहिल्या तासातच संपवायचं ठरवलं. नंतर फक्त गार ताक. आता त्यांना त्रास नाही. दुसरं म्हणजे मुलांना पडद्यासमोर न बघता खायची सवय लागते. म्हणून आमच्याकडे हे फक्त शनिवारचं. इतर दिवशी जेवताना टीव्ही बंद. तिसरं, सगळी तयारी एकाच्या अंगावर पडली की महिन्याभरात पद्धत बंद पडणार. आमच्याकडे सिनेमा ज्यानं निवडला त्यानं लसूण सोलायची आणि भांडी विसळायची. त्यामुळे मुलानं भलते लांब सिनेमे सुचवणंही आटोक्यात आलं.

उन्हाळ्याला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) राखून ठेवलाय. ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत, बारा माणसं उकाड्यानं घामाघूम होऊन वाद घालताहेत. त्यातला प्रत्येक शब्द कानावर पडायला हवा, त्यामुळे खाणं नकोच, मोठ्या पेल्यात मठ्ठा, आलं आणि कोथिंबीर घातलेला. हुरड्याचं मात्र अजून जमलेलं नाही. तो गरम असतानाच खायचा, आणि घरात तव्यावर परतला तर आगटीतला वास येत नाही. येत्या थंडीत नवऱ्याच्या मामांच्या रानात प्रोजेक्टर नेऊन बघायचा विचार आहे, विजेची सोय विहिरीच्या मोटारीवरून होईल असं मामा म्हणतात. कुणी असं केलं असेल तर पडदा वाऱ्यात कसा ताणून बांधला तेवढं जरूर सांगा.