सहा शनिवारांचा शंकासमाधान वर्ग : न्यू शाहूपुरीतील अनुभव

माझी मुलगी शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकते. गेल्या वर्षी ती रविवारच्या उपासनेला येईनाशी झाली. कारण विचारल्यावर तिने सांगितले की, शंका काढली की मंडळीत प्रत्येक जण ‘विश्वास ठेव’ म्हणतो आणि विषय मिटवतो. म्हणून कोल्हापुरात न्यू शाहूपुरीतील एका चर्चच्या सभागृहात ख्रिस्ती विश्वासावरील आक्षेपांविषयी सहा शनिवारांचा वर्ग होणार असल्याचे कळताच मी आम्हा दोघांची नावे दिली. शुल्क नव्हते, छापील टिपणांचे साठ रुपये घेतले. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ होती, आरंभी प्रार्थना होई, आणि प्रश्न निनावी चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या पेटीत टाकायचे असत. शिकवणारे सर निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची तयारी चांगली होती; मात्र सभागृहात आवाज घुमतो, त्यामुळे मागच्या बाकांवर निम्मेच ऐकू येते.

पहिला आक्षेप आमच्या शहराला लागू पडणारा होता : हा साहेबांचा धर्म आहे. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली आले, त्यामुळे येथील पुष्कळांना ख्रिस्ती इतिहास तेथूनच सुरू होतो असे वाटते. सरांनी केरळातील सीरियन ख्रिस्ती समाजाचे उदाहरण दिले. त्या समाजाला दिलेल्या अधिकारांचे कोल्लमचे ताम्रपट सन ८४९ च्या सुमाराचे आहेत, म्हणजे वास्को द गामाच्या आगमनापूर्वी साडेसहाशे वर्षांचे. मला अधिक मोलाचा वाटला तो नीळकंठशास्त्री गोरे यांचा उल्लेख. काशीत वाढलेल्या या मराठी शास्त्रीबुवांनी ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी आधी संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि पुढे १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. आमिषाने धर्म बदलला, हा आरोप अशा माणसावर टिकत नाही. तरीही मिशनच्या शाळा आणि दवाखाने यांमुळे लोकांच्या मनात संशय का निर्माण झाला, हे सरांनी टाळले नाही.

दुसरा शनिवार पवित्र शास्त्राच्या विश्वसनीयतेचा होता आणि माझ्या मते सहांपैकी तोच सर्वोत्तम ठरला. ‘बायबल बदलले आहे’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, आणि त्यावर ‘एक अक्षरही बदललेले नाही’ हे आपले नेहमीचे उत्तरही तितकेच चुकीचे आहे. सरांनी सांगितले की, नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागाची, पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत. योहानकृत शुभवर्तमानाचा मँचेस्टर येथे जतन केलेला, तळहाताहून लहान असा पपायरसचा तुकडा साधारणपणे दुसऱ्या शतकातला मानला जातो. आणि प्रती इतक्या असल्यामुळेच पाठभेद उघड दिसतात व पारखता येतात. त्यानंतर त्यांनी स्वतःहून दाखवले की, मार्काच्या सोळाव्या अध्यायातील नवव्या वचनापासूनचा शेवटचा भाग आणि योहानाच्या आठव्या अध्यायातील व्यभिचारी स्त्रीची कथा सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही. सभागृहात कुजबुज झाली. एका ज्येष्ठ बाईंनी तर, हे तरुणांसमोर सांगायलाच हवे होते का, असे विचारले. माझ्या मुलीने मात्र त्या दिवशी प्रथमच वही उघडली. अडचण लपवली तर ती पुढे मोबाईलवर विरोधकाच्या तोंडून कळते, आणि मग आपण सांगितलेले बाकी सर्वही तिला खोटे वाटू लागते. म्हणून मला सरांचा मार्ग योग्य वाटतो.

हीच शिस्त तिसऱ्या शनिवारी पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू मरणातून पुन्हा उठल्याच्या, विषयात दिसली. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफसच्या ग्रंथातील येशूविषयीच्या मोठ्या उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातल्याचे विद्वान मानतात, म्हणून सरांनी त्यावर भार न देता, त्याने येशूचा भाऊ याकोब याचा जो ओझरता उल्लेख केला आहे तो आणि रोमन इतिहासकार टॅसिटसची साक्ष घेतली. करिंथकरांस पहिले पत्र सन ५५ च्या आसपासचे असून त्याच्या पंधराव्या अध्यायात पत्राचा लेखक प्रेषित पौल आपल्याला मिळालेली आणखी जुनी साक्ष सांगतो, आणि ज्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते तेथे रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रियाच आहेत, हे मुद्दे त्यांनी सावकाश मांडले. यावरून शिष्यांचा विश्वास प्रामाणिक होता हे ठामपणे म्हणता येते, त्यापुढचे पाऊल ज्याचे त्याने टाकायचे, असे ते म्हणाले. मी ते पाऊल टाकलेले आहे, तरीही ही सीमारेषा स्पष्ट आखल्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

चौथ्या शनिवारी मात्र वर्ग कोलमडला. विषय दुःखाचा होता. मानवाला स्वातंत्र्य दिल्यामुळे दुष्टाई शक्य होते, हे विवेचन चालू असताना चिखलीकडचे एक गृहस्थ उभे राहिले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांचे घर आणि दोन म्हशी गेल्या होत्या. त्यांनी विचारले, “सर, पंचगंगेला पाणी चढलं ते कुणाच्या स्वातंत्र्यामुळं?” सरांनी निसर्गनियमांची आवश्यकता, मर्यादित मानवी ज्ञान, अंतिम न्याय असे एकामागून एक मुद्दे वीस मिनिटे सांगितले. त्यांतला एकही चुकीचा नव्हता, पण सरांचे बोलणे पूर्ण होण्याआधीच ते गृहस्थ निघून गेले. बायबलमध्ये सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते योग्य वागत होते. बोलू लागले तेव्हा चुकले. हे आपण किती वेळा वाचले आहे, तरी आपल्यालाही तसेच बोलावेसे वाटते.

पाचव्या शनिवारी सरांनी वर्गाची सुरुवातच आपल्या चुकीच्या कबुलीने केली. आठवड्यात ते त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आले होते. लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे, आणि ती माणसे इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे येशू मान्य करत नाही. तो त्या अपघाताचे कारणही सांगत नाही. सरांनी हा उतारा वाचला आणि पुराच्या ‘का’ला आपल्याजवळ उत्तर नाही, असे सांगितले. वधस्तंभावर ‘तू माझा त्याग का केलास’ हा प्रश्न स्वतः येशूने विचारला, एवढेच ते पुढे म्हणाले. ते गृहस्थ त्या दिवशी पुन्हा येऊन बसले होते.

त्याच दिवशी उरलेल्या वेळात विज्ञानाचा विषय उरकला गेला. महास्फोटाच्या सिद्धान्ताचा पाया घालणारे लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठवासी होते, ही माहिती खरी आहे. परंतु श्रद्धाळू शास्त्रज्ञांची यादी हा युक्तिवाद होत नाही, असे मुलगी म्हणाली आणि मला ते पटले. सहाव्या शनिवारी ख्रिस्ती समाजातील जातिभेदाविषयीची चिठ्ठी दहा मिनिटांत आटोपण्यात आली, ही माझी मोठी तक्रार आहे. महाराष्ट्रात आपल्या विश्वासावर घेतला जाणारा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे आणि त्याला स्वतंत्र शनिवार मिळायला हवा.

ज्यांना वादात जिंकण्यासाठी तयार उत्तरे हवी आहेत त्यांची येथे निराशा होईल. ज्यांच्या घरात कॉलेजची मुले आहेत त्यांनी मुलांसह यावे आणि पुढे बसावे. मुलगी अजून उपासनेला येत नाही, मात्र सहांपैकी एकही शनिवार तिने चुकवला नाही. पुढचा वर्ग पावसाळ्यानंतर आहे. पेटीतील चिठ्ठ्या सर आधी वाचून येतात, म्हणून प्रश्न पहिल्याच दिवशी आणि आपल्या शब्दांत लिहून टाकावा.