सल्लागारी की संशोधन प्रकल्प?

प्राध्यापक एखाद्या पुलाचा आराखडा तपासून देतात, ती सल्लागारी. प्रश्न ग्राहकाचा, मुदत आठवड्यांची, अहवालही बहुधा त्याच्याच मालकीचा. शुल्कावर १८ टक्के जीएसटी. संस्थेचा हिस्सा वजा जाता उरलेलं प्राध्यापकांना.

संशोधन प्रकल्पात प्रश्न आपला. सरकारी अनुदान साधारण तीन वर्षांचं. त्यातून उपकरणं येतात, जेआरएफला (प्रकल्पावर काम करणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला) २०२३पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. मुख्य संशोधकाला मात्र बहुतेकदा मानधनच नाही. वर उपयोगिता प्रमाणपत्रांची, म्हणजे अनुदान ठरल्या कामावरच खर्चल्याच्या दाखल्यांची, कटकट! (२०२४मध्ये सरकारी विद्यापीठांच्या संशोधन अनुदानावरचा जीएसटी तेवढा माफ झाला.)

पीएचडीचे विद्यार्थी घडवायचे असतील, तर मी प्रकल्पच घेईन. सल्लागारीत गोपनीयतेच्या करारापायी शोधनिबंध अडकून पडतो.