एल युंके की डॉमिनिका?

कॅरिबियनमधलं वर्षावन पाहायचं तर अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी प्वेर्तो रिकोचं एल युंके सोपं. प्वेर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यात, म्हणजे प्रवास देशांतर्गत, त्यामुळे परतताना व्हिसा स्टॅम्पिंगची कटकट नाही. सान हुआनहून गाडीने साधारण तासाभरात जंगलात. १९१ क्रमांकाच्या रस्त्यावरूनच ला कोका धबधबा दिसतो, योकाहू मनोऱ्यावरून थेट समुद्र. संध्याकाळी कोकी बेडकांचा कल्ला. पाऊस भरपूर, पण आंबोली पाहिलेल्यांना त्याचं काय!

डॉमिनिका हा छोटा बेटदेश (डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, तिकीट काढताना घोळ होतो) मात्र घाम काढतो. मोर्न त्र्वा पितों हे राष्ट्रीय उद्यान १९९७ पासून जागतिक वारसा. तिथल्या उकळत्या तळ्यापर्यंत जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो: चिखल, चढ-उतार, मग गंधकाच्या वासाची उजाड दरी आणि शेवटी वाफेआड खदखदणारं राखाडी पाणी. वाटाड्या घ्याच. गुडघे कुरकुरत असतील तर एमराल्ड पूल आणि ट्राफाल्गर धबधब्यावर समाधान मानावं. तेही कमी नाही.

आई-बाबा सोबत असतील तर एल युंके. सह्याद्रीत भटकलेले चार मित्र असाल तर मी डॉमिनिकाच म्हणेन. दोन्हीकडे जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. २०१७ च्या मारिया वादळाने दोन्ही जंगलं झोडपली होती. फेब्रुवारी-मार्च बरा.