पदविका की वकिलांकडे उमेदवारी? सांगलीत पॅरालीगल व्हायचं तर

पॅरालीगल म्हणजे वकिलांना कागदपत्रांच्या कामात मदत करणारा. त्याला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसते, कोर्टात बाजू मांडता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रश्न आहे तो काम शिकायचं कुठे हा. घरबसल्या दूरस्थ पदविका करायची, की विजयनगरच्या कोर्टात रोज जाणाऱ्या एखाद्या वकिलांकडे उमेदवारी, म्हणजे हाताखाली काम करत शिकणं? मी आधी पदविका केली, मग उमेदवारी.

पदविकेनं पाया पक्का होतो. दाव्याचे टप्पे, समन्स मिळाल्यापासून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची ३० दिवसांची मुदत, ती ९० दिवसांपर्यंत कशी वाढवून मिळते, हे क्रमानं वाचायला मिळतं. ऑफिसात असा क्रम नसतो, जे पुढ्यात येईल ते करायचं. नोट्स मात्र १ जुलै २०२४ नंतरच्या आहेत ना, जुन्या दंड संहितेऐवजी आलेली भारतीय न्याय संहिता त्यात आहे ना, एवढं पाहून घ्या.

मला एकच गोष्ट फार खटकली. लिहिलेलं कोणी नीट तपासत नव्हतं. माझा दाव्याचा मसुदा नुसते गुण घेऊन परत आला, शेरा एकही नाही. पुढे उमेदवारीत तासगावकडच्या जमिनीच्या वाटपाचा दावा आला. मिळकतीचं वर्णन मी लिहिलं. साहेबांनी सातबारा शेजारी ठेवला आणि लाल पेनानं दोन गोल केले. गट नंबरातला एक आकडा चुकला होता आणि चतुःसीमेत, म्हणजे चारी दिशांना कोण आहे त्या नोंदीत, पूर्वेचा शेजारी पश्चिमेला गेला होता. "उद्या हुकूमनामा झाला, तर मोजणीवाला कुठल्या बांधावर उभा राहील?" एवढंच त्यांनी विचारलं. तेव्हापासून प्रत्येक चतुःसीमा मी सातबारा आणि नकाशा समोर घेऊन मोठ्यानं वाचतो.

उमेदवारीत सुरुवातीला पैसे फारसे मिळत नाहीत. काही ठिकाणी तर महिनोन्‌महिने तारखा उतरवणं आणि झेरॉक्स एवढंच काम असतं, तेही खरं.

लोकांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं विधी स्वयंसेवकाचं प्रशिक्षणही चांगलं, पण ती सेवा आहे, त्यावर घर चालवायचं गणित मांडू नका.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालंय. तिथल्या प्रकरणांसाठी मराठी कागदांचं इंग्रजी करावं लागतं, आणि तिथं पदविकेतलं इंग्रजी उपयोगी पडेल. पुण्या-मुंबईच्या कंपनीत जायचं असेल तर कदाचित पदविकाच आधी बघतील. पण सांगली-मिरजेतच काम करायचं असेल, तर मी तरी आधी वकील शोधीन. भेटायला जाल तेव्हा "माझे मसुदे तुम्ही स्वतः तपासाल ना?" एवढं नम्रपणे विचारा. पगाराचं त्यानंतर.