जत्रेतली स्वप्नफळाची पुस्तिका: घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी

माळेगावच्या यात्रेत, तुळजापूरला देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, औंढ्याला, पैठणला पोथ्या आणि आरतीसंग्रह मांडलेल्या दुकानांत स्वप्नफळाची बारीक पुस्तिका मिळते. पातळ कागद, दोन पिना, दोन-तीन चहाच्या पैशांत येणारी. मुखपृष्ठ बदलतं, आतला मजकूर फारसा बदलत नाही. लोक ती घेतात मुख्यतः प्राण्यांच्या पानांसाठी. साप मारला तर शत्रूवर विजय, पांढरा बैल दिसला तर शुभ, म्हैस दिसली तर आजारपण, हत्तीवर बसलात तर मानसन्मान, अशा एका ओळीच्या नोंदी.

वाचायला सोपी, शोधायला सोपी. दोष एकच, पण मुळातला आहे: प्राणी कुणाच्या स्वप्नात आला, हे ती विचारतच नाही. म्हैस अशुभ का, तर रेडा यमाचं वाहन म्हणून. पण ज्या घराचा महिन्याचा हिशेब म्हशीच्या दुधावर चालतो, त्या घरातल्या बाईला म्हैस दिसली तर तिच्या मनात यम असेल की डेअरीचं बिल? गाढव आणि उंट यांचंही तेच. त्यांच्यावर बसून दक्षिणेला जाणं वाईट, हे चरकसंहितेत आहे आणि तिथे ते क्षयाचं लक्षण म्हणून आलं आहे. पुस्तिकेत रोग गळतो, दिशा गळते, नुसतं ‘गाढव – अशुभ’ उरतं. आणि ती विकली जाते माळेगावात, जिथे गाढवं आणि उंट घ्यायला लांबून लोक येतात.

त्याच चरकसंहितेच्या इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि वात-पित्त-कफ या दोषांमुळे पडणारं. यातले पहिले पाच फळ देत नाहीत, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. दिवसा पडलेलं, फार लांबलेलं आणि फार तोकडं स्वप्नही निष्फळच. म्हणजे फळ शोधण्याआधी चाळण लावायला जुन्या वैद्यांनीच सांगितलं होतं. पुस्तिकेने चाळण टाकून दिली. ही सर्वांत मोठी उणीव.

प्रहरांचं कोष्टक मात्र बहुतेक पुस्तिकांत असतं: पहिल्या प्रहरातलं स्वप्न वर्षाने फळतं, दुसऱ्यातलं सहा महिन्यांनी, तिसऱ्यातलं तीन महिन्यांनी, चौथ्यातलं पंधरवड्यात. भविष्य म्हणून ते बाजूला ठेवा, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण 90 मिनिटांचं असतं. त्यातला डोळे भिरभिरण्याचा टप्पा, ज्याला रेम झोप म्हणतात आणि जो 1953 साली प्रथम नीट नोंदवला गेला, तो पहाटेकडे लांबत जातो. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. पहाटेचं स्वप्न जास्त लक्षात राहतं आणि म्हणूनच जास्त खरं वाटतं.

आता वापराबद्दल. पुस्तिका घेतली असेल तर ती सगळ्यात शेवटी उघडायची. आधी शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेला पेन उशाशी ठेवा. जाग आल्यावर कूस बदलू नका, मोबाइल बघू नका, स्वप्न काही मिनिटांत विरून जातं. पडल्या पडल्या शेवटचं दृश्य आठवा आणि तिथून मागे जा. मग वर्तमानकाळात लिहा: ‘बैल उभा आहे’, ‘बैल उभा होता’ नाही. प्राणी बांधलेला की मोकळा, दावं कुणाच्या हातात, किती अंतरावर, त्याने काय केलं, तुम्ही काय केलं, जाग आली तेव्हा छातीत काय होतं. खाली दोन ओळी आदल्या दिवसाच्या आणि चालू औषधांची नोंद. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मनाच्या आजारावरची काही औषधं स्वप्नं भडक करतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांगा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

त्यानंतरचं काम हेच खरं काम. ज्याने तो प्राणी जन्मात पाहिला नाही अशा माणसाला सांगतोय असं समजून तीन वाक्यं लिहा. समजा स्वप्नात बैल बसलाय आणि उठत नाही. लिहिणारा लिहील: ‘बैल म्हणजे न बोलता ओढणारा. पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग, अंगावर झूल. थकला की हाळीच्या जनावरांच्या बाजारात न्यावा लागतो.’ आता ‘बैल’ खोडून तिथे घरातल्या एकेका माणसाचं नाव घाला, शेवटी स्वतःचं. वडील, थोरला भाऊ, मी. एका नावाशी वाक्य घशात अडकतं. अर्थ तिथे आहे, पुस्तिकेच्या ‘बैल – शुभ’ मध्ये नाही. दुष्काळात देवणी बैलांची जोडी विकलेल्या माणसाचा बैल आणि शहरातल्या सदनिकेत वाढलेल्या पोराचा मातीचा बैल एका ओळीत बसणारच नाहीत.

इथे चुका ठरलेल्या आहेत. लिहिण्याआधी घरात सांगितलं की स्वप्नाला झालर लागते आणि मूळ हरवतं. गोड अर्थ आधी निवडला जातो. आणि एकाच स्वप्नावर निकाल दिला जातो. निदान दहा-पंधरा स्वप्नं जमू द्या, तोच प्राणी परत येताना काय बदलतो ते बघा. आधी दारात भुंकणारा कुत्रा नंतर उंबऱ्यावर झोपलेला दिसला, तर तो बदल प्राण्याच्या नावापेक्षा मोलाचा. मग पुस्तिका उघडा, कारण परंपरेतल्या जोडण्या आपल्याही मनात असतात. कुत्रा म्हटलं की खंडोबा आठवतो, हत्ती म्हटलं की अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यातलं बुद्धाची आई मायादेवी हिचं स्वप्न. एवढ्यापुरती ती कामाची.

सापाच्या पानावर एक इशारा छापायला हवा, तो नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार हा विषारी साप रात्री चावतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. सापाचं स्वप्न पडलं, पोटात कळा येताहेत, पापण्या जड होताहेत, बोलणं अडखळतंय, तर अर्थ शोधायचा नाही. प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात तडक जायचं.

तेच अंगावर येणाऱ्या प्राण्याबद्दल. झोपेत माणूस खरोखर लाथा झाडत असेल, पलंगावरून पडत असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. एकच भयस्वप्न परत परत पडत असेल तर दिवसा त्याचा शेवट बदलून लिहा आणि रोज दहा-वीस मिनिटं तो नवा शेवट डोळ्यांसमोर आणा. हा उपाय मानसोपचारात वापरला जातो. त्यानेही भागलं नाही तर 14416 या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

पैशांच्या मानाने पुस्तिका महाग नाही, निकाल म्हणून मात्र विकत घेऊ नका. घ्यायचीच तर मागे कोरी पानं असलेली निवडा. तिच्यात सिंह आणि हंस आहेत, पण हरभऱ्यात घुसणारा रोही, म्हणजे नीलगाय, नाही, रानडुक्कर नाही, उसातला बिबट्या नाही. ती पानं तुम्हालाच लिहायची आहेत.